अणुवीज केंद्राची तिहेरी जबाबदारी

त्या वेळच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात, अरबी समुद्राच्या काठी, तारापूर येथे देशातील पहिले अणुवीज केंद्र ऑक्टोबर १९६९ मध्ये नियमित वीज देऊ लागले. १९ जानेवारी १९७० रोजी तत्कालीन पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांनी ते राष्ट्राला अर्पण केले. पुढे याच परिसरात प्रत्येकी ५४० मेगावॉट क्षमतेच्या आणखी दोन अणुभट्ट्या उभारण्यात आल्या. त्यांपैकी एक २००५ मध्ये व दुसरी २००६ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांच्या औद्योगिक वाढीत तारापूरच्या विजेचा वाटा मोठा आहे.

अशा केंद्राच्या आसपास राहणाऱ्या माणसाच्या मनात तीन प्रश्न येतात. यंत्र बिघडले तर काय होईल? कोणी वाईट हेतूने आत शिरले किंवा आतल्याच माणसाने घातपात केला तर? आणि विजेसाठी आणलेले इंधन गुपचूप अस्त्रांच्या कामी गेले तर? हे तीनही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे देणाऱ्या यंत्रणा मात्र वेगवेगळ्या आहेत. त्यांचे कायदे वेगळे, प्रशिक्षण वेगळे आणि कामाच्या सवयीही वेगळ्या. प्रत्येक यंत्रणेने आपले काम चोख केले म्हणजे सर्व ठीक होईल, असे सकृद्दर्शनी वाटते. गेल्या काही दशकांचा अनुभव मात्र निराळे सांगतो. तीन चोख कामे एकमेकांच्या आड येऊ शकतात. त्यांचा मेळ अगोदर बसवून ठेवला नाही, तर संकटाच्या वेळी तो बसत नाही.

शब्दांची उकल

मराठीत ‘सुरक्षा’ हा एकच शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. ४ मार्चला कारखान्यांतून ‘राष्ट्रीय सुरक्षा दिन’ पाळला जातो, त्यात अपघात टाळण्याचा विचार असतो. ‘राष्ट्रीय सुरक्षा कायदा’ म्हटले की शत्रू, हेर आणि घातपाती डोळ्यांपुढे येतात. अणुऊर्जेच्या क्षेत्रात हा घोळ परवडणारा नाही. म्हणून या लेखात तीन शब्द ठरवून वापरले आहेत.

पहिला शब्द ‘सुरक्षितता’. यंत्राचा बिघाड, माणसाची चूक, भूकंप, पूर, आग यांमुळे किरणोत्सर्ग बाहेर पडू नये आणि कामगार व रहिवासी यांना इजा होऊ नये, यासाठी केलेली सर्व व्यवस्था म्हणजे सुरक्षितता. येथे कोणाचा हेतू वाईट नसतो.

दुसरा शब्द ‘बंदोबस्त’. चोरी, घुसखोरी, घातपात यांपासून केंद्राचे आणि तेथील द्रव्याचे रक्षण म्हणजे बंदोबस्त. येथे समोर हेतुपूर्वक वागणारा आणि आपला कच्चा दुवा शोधणारा मनुष्य असतो.

तिसरा शब्द ‘पडताळणी’. यालाच ‘सेफगार्ड्स’ म्हणतात. शांततेच्या कामासाठी आणलेले युरेनियम आणि त्यातून तयार होणारे प्लुटोनियम जेथे असायला हवे तेथेच आहे, याची आंतरराष्ट्रीय निरीक्षकांनी हिशेब, मोजणी, मोहोर आणि कॅमेरे यांच्या साहाय्याने केलेली खातरजमा म्हणजे पडताळणी. येथे संशयाचा विषय चोर नसून खुद्द शासन असते, हे लक्षात घेतले पाहिजे. निरीक्षक कोणाला अडवीत नाही. तो मोजतो, ताडून पाहतो आणि अहवाल देतो.

निवडणुकीच्या कामाचा अनुभव असलेल्या शिक्षकांना आणि महसूल कर्मचाऱ्यांना हा भेद चटकन कळेल. मतदान संपल्यावर यंत्रे एका खोलीत ठेवतात. खोलीत आग लागू नये, विजेचा दोष उद्भवू नये, ही झाली सुरक्षितता. दारावर सशस्त्र पोलीस असतो, हा झाला बंदोबस्त. उमेदवारांचे प्रतिनिधी कुलपावर आपापली मोहोर लावतात, कारण त्यांना चोराइतकीच व्यवस्थेचीही शंका असते. ही झाली पडताळणी. आता रात्री दोन वाजता खोलीतून धूर येऊ लागला, तर मोहोर कोणी तोडायची? पोलिसाने दार उघडू द्यायचे की नाही? प्रतिनिधींना बोलावीपर्यंत थांबायचे का? आग विझल्यावर आतील यंत्रे तीच आहेत हे कोणी आणि कसे सिद्ध करायचे? या प्रश्नांची उत्तरे त्या रात्री शोधून चालत नाही, ती आधी लिहून ठेवावी लागतात. अणुवीज केंद्रातील समन्वयाचा प्रश्न मुळात हाच आहे.

तारापूरचा दाखला

पडताळणीचा आपल्या विजेशी किती जवळचा संबंध आहे, हे तारापूरच्या इतिहासावरून स्पष्ट होते. तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन बनावटीच्या असून त्यांना समृद्ध युरेनियम लागते. १९६३ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात तीस वर्षांचा करार झाला. इंधन अमेरिकेने पुरवावयाचे आणि ते केवळ शांततेच्या कामासाठी वापरले जाईल याची पडताळणी भारताने मान्य करावयाची, असे त्याचे स्वरूप होते. १९७१ मध्ये झालेल्या त्रिपक्षीय कराराने ही पडताळणी व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे सोपविण्यात आली. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या उभारणीत भारताचाही सहभाग होता.

मे १९७४ मध्ये पोखरण येथे भारताने अणुस्फोट केला. त्यासाठी लागलेले प्लुटोनियम तुर्भे येथील ‘सायरस’ या संशोधन अणुभट्टीतून आले होते. तारापूरच्या इंधनाचा त्याच्याशी संबंध नव्हता. तरीही त्याची झळ तारापूरला बसली. अमेरिकेने १९७८ मध्ये नवा कायदा केला आणि ज्या देशाचे सर्व अणुप्रकल्प पडताळणीखाली नाहीत त्याला इंधन देणे अवघड केले. अखेर १९८२ मध्ये तोडगा निघून फ्रान्सने इंधन पुरविण्याचे मान्य केले. १९९३ मध्ये मूळ कराराची मुदत संपली, तरी भारताने पडताळणी सोडून दिली नाही. १९९४ मध्ये व्हिएन्नाच्या संस्थेशी नवा करार करण्यात आला. पुढे चीन आणि रशिया या देशांकडूनही तारापूरसाठी इंधन आले.

भारताने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केलेली नाही. त्यामुळे आपल्या देशात काही अणुभट्ट्या पडताळणीखाली आणि काही बाहेर अशी स्थिती आहे. २००६ च्या विभागणी योजनेत त्या वेळच्या आणि बांधकामाधीन अशा एकूण २२ अणुवीज भट्ट्यांपैकी १४ पडताळणीखाली आणण्याचे ठरले. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला सूट दिली आणि २००९ मध्ये व्हिएन्नाच्या संस्थेशी झालेला व्यापक करार अमलात आला. त्याआधी युरेनियमच्या टंचाईमुळे देशातील अणुवीज केंद्रे निम्म्याच्या आसपास क्षमतेने चालत होती. परदेशी युरेनियम येऊ लागल्यावर ही स्थिती सुधारली. इंधनाचा हिशेब चोख असणे हे केवळ परराष्ट्र खात्याचे काम नाही. शेतावरचा पंप आणि गावातला दिवा यांच्याशीही त्याचा संबंध आहे.

या विभागणीने तारापूरला एक वेगळेपण दिले. पहिल्या दोन अणुभट्ट्या पडताळणीखाली राहिल्या आणि तिसरी व चौथी तीतून वगळण्यात आली. एकाच परिसरात, शेजारी शेजारी, दोन प्रकारची शिस्त पाळावी लागते. कोणते इंधन, कोणते उपकरण, कोणती नोंदवही कोणत्या बाजूची, याबद्दल तेथे तिळमात्र संदिग्धता चालत नाही. सुरक्षितता आणि बंदोबस्त यांच्या बाबतीत मात्र असा भेद करता येत नाही, कारण समुद्राची लाट किंवा घुसखोर करारातील रेषा पाहून येत नाही.

तीन जबाबदाऱ्या, तीन अधिकारी

सुरक्षिततेची पहिली जबाबदारी केंद्र चालविणाऱ्या संस्थेची असते. तिच्यावर देखरेख ठेवण्यासाठी १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तिनगर येथे आहे. बंदोबस्ताचे काम प्रत्यक्ष दारावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल करते. हे दलही तारापूर केंद्राप्रमाणे १९६९ मध्येच उभे राहिले. दलाच्या मागे गृह खाते, गुप्तवार्ता यंत्रणा आणि राज्याचे पोलीस असतात. पडताळणीचे उत्तरदायित्व भारत सरकारचे असून निरीक्षक आंतरराष्ट्रीय संस्थेचे असतात.

या तिघांच्या स्वभावात फरक आहे. सुरक्षिततेचा अभियंता चूक झाली की ती सर्वांना सांगतो, म्हणजे दुसरीकडे ती टळेल. बंदोबस्ताचा अधिकारी उणीव दिसली की ती झाकून ठेवतो, म्हणजे शत्रूला कळू नये. पडताळणीचा निरीक्षक प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागतो आणि मिळालेली माहिती गोपनीय ठेवतो. तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणूनच त्यांच्यातील मतभेद कोणाच्या हलगर्जीपणामुळे होतो, असे समजू नये. तो कामाच्या स्वरूपातूनच येतो.

जेथे मेळ बसतो

काही बाबतींत तिन्ही जबाबदाऱ्या एकमेकींना हात देतात. इंधनाची अचूक मोजदाद हे त्याचे उत्तम उदाहरण होय. कोणता इंधनसंच कोठे, किती दिवस आणि किती वापरून झाला आहे, हे ठाऊक असले की तो चुकीच्या जागी ठेवला जाऊन धोका होत नाही. त्याच नोंदीमुळे चोरी लगेच लक्षात येते आणि त्याच नोंदी निरीक्षकाला दाखविता येतात. आंतरराष्ट्रीय संस्थेच्या हिशेबात ८ किलोग्रॅम प्लुटोनियम ही दखल घेण्याजोगी मर्यादा मानली जाते. मोठ्या अणुभट्टीतून वर्षभरात बाहेर पडणाऱ्या वापरलेल्या इंधनात याच्या कितीतरी पट प्लुटोनियम असते. नोंदवहीतील एका ओळीचे मोल यावरून लक्षात यावे.

अणुभट्टीचा प्रकारही येथे महत्त्वाचा ठरतो. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांत इंधन बदलण्यासाठी भट्टी थांबवून झाकण उघडावे लागते. त्यामुळे मोजणीची वेळ ठरलेली असते. राजस्थानातील रावतभाटा येथील जड पाण्याच्या भट्ट्यांत इंधनाचे लहान गट्ठे भट्टी चालू असतानाच आत-बाहेर होतात. तेथे पडताळणीसाठी गट्ठे मोजणारी उपकरणे आणि कॅमेरे सतत चालू ठेवावे लागतात. बांधणीचा निर्णय अभियंता घेतो, पण त्याचा परिणाम पहारेकऱ्यावर आणि निरीक्षकावरही होतो.

वापरलेल्या इंधनाबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. भट्टीतून नुकतेच काढलेले इंधन इतके किरणोत्सर्गी असते की कोणी चोर त्याच्या जवळ जाऊ शकत नाही. ते स्वतःच स्वतःचा पहारा करते. अनेक दशके लोटली की किरणोत्सर्ग कमी होतो. इंधन हाताळणे सोपे होते आणि सुरक्षिततेची चिंता थोडी उतरते. नेमक्या त्याच कारणाने बंदोबस्ताची चिंता वाढते. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी थांबविण्यात आल्या. भट्टी थांबली तरी तलावातील इंधन तेथेच असते. त्याला पाणी लागते, पहारा लागतो आणि हिशेबही लागतो. वीज देणे थांबले म्हणून या तीन जबाबदाऱ्या थांबत नाहीत.

जेथे ओढाताण होते

ओढाताण बहुधा अगदी साध्या वस्तूंवरून होते. पहिली वस्तू म्हणजे दार. आगीच्या वेळी कामगारांना तत्काळ बाहेर पडता यावे आणि अग्निशामक दलाला आत जाता यावे, म्हणून सुरक्षितता सहज उघडणारे दार मागते. बंदोबस्ताला दारे कमी आणि कुलपे जास्त हवी असतात. पडताळणीची मोहोर लावलेले दार विनापरवाना उघडले, तर आतील द्रव्याविषयीची खात्री संपते आणि मोजणी पुन्हा मुळापासून करावी लागते.

दुसरी वस्तू म्हणजे विजेची तार. इंधनाच्या तलावावर रोखलेल्या कॅमेऱ्याला अखंड वीज आणि उजेड लागतो. दुरुस्तीसाठी त्या भागाचा पुरवठा कोणी न कळविता बंद केला, तर कामगार सुरक्षित राहतो, पण निरीक्षकाच्या चित्रणात खंड पडतो. त्या खंडात काय घडले याचा खुलासा मग सरकारला करावा लागतो.

तिसरी वस्तू म्हणजे माहिती. केंद्रातील त्रुटींचा अहवाल जनतेसमोर यावा, अशी सुरक्षिततेची अपेक्षा असते. त्याच अहवालातील नकाशा घातपात्याच्या हाती पडू नये, अशी बंदोबस्ताची इच्छा असते. सगळेच झाकले तर लोकांचा विश्वास जातो आणि सगळेच उघडले तर शत्रूची सोय होते. कोणती ओळ कोणासाठी, हे आधी ठरवावे लागते.

चौथी वस्तू संगणक. ऑक्टोबर २०१९ मध्ये तामिळनाडूतील कुडनकुलम केंद्राच्या प्रशासकीय कामाच्या एका संगणकात घातक प्रणाली शिरल्याचे भारतीय अणुऊर्जा महामंडळाने मान्य केले. भट्टी चालविणारी यंत्रणा वेगळी असल्यामुळे तिला बाधा पोहोचली नाही, असे महामंडळाने स्पष्ट केले. यंत्रणा वेगळी ठेवणे हा निर्णय सुरक्षिततेचा की बंदोबस्ताचा, असा प्रश्न येथे उरतच नाही. तो दोन्हींचा आहे.

पाचवी बाब म्हणजे आतला माणूस. नोव्हेंबर २००९ मध्ये कर्नाटकातील कैगा केंद्रात काही डझन कर्मचाऱ्यांच्या शरीरात ट्रिटियमचे प्रमाण वाढलेले आढळले. शोध घेता पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले गेल्याचे दिसून आले. हे आतल्याच कोणाचे तरी कृत्य असावे, असा निष्कर्ष अधिकाऱ्यांनी काढला. हा प्रकार उघडकीस आला तो कर्मचाऱ्यांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीतून, म्हणजे सुरक्षिततेच्या कामातून. त्याचा तपास करणे बंदोबस्ताकडे गेले आणि ते जड पाणी हातात आले कसे, हा प्रश्न हिशेबाकडे वळला. एका कूलरमध्ये तिन्ही विषय एकत्र आले.

जगाचा अनुभव

समन्वय नसल्यास काय होते, याचे सर्वांत कठोर उदाहरण जपानमधील फुकुशिमा येथे ११ मार्च २०११ रोजी घडले. भूकंपाने केंद्राला बाहेरून येणारी वीज गेली, पाठोपाठ आलेल्या त्सुनामीच्या लाटांनी पर्यायी जनित्रे निकामी झाली आणि तीन भट्ट्यांतील इंधन वितळले. यातील एक गोष्ट आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे. सप्टेंबर २००१ मधील दहशतवादी हल्ल्यांनंतर अमेरिकेने आपल्या केंद्रांना एक सूचना दिली होती. घातपातामुळे केंद्राचा मोठा भाग निकामी झाला, तरी भट्टी थंड ठेवता यावी म्हणून हलविता येणारे पंप, बॅटऱ्या आणि पर्यायी उपाय तयार ठेवावेत, असा तिचा आशय होता. ही सूचना जपानच्या नियामकाला ठाऊक होती, पण ती केंद्रांपर्यंत पोहोचली नाही, असे जपानी संसदेने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने २०१२ च्या अहवालात नमूद केले. घातपातासाठी योजलेला उपाय लाटेच्या वेळीही कामी आला असता. तो ‘बंदोबस्ताच्या’ कप्प्यात राहिला आणि ‘सुरक्षिततेच्या’ कप्प्यात पोहोचला नाही. पडताळणीचीही तेथे पंचाईत झाली. वितळलेल्या इंधनाजवळ जाणेच अशक्य असल्यामुळे नेहमीच्या पद्धतीने त्याची मोजणी करता येईना.

दुसरे उदाहरण युक्रेनमधील झापोरिझ्झिया येथील आहे. सहा भट्ट्यांचे हे युरोपातील सर्वांत मोठे केंद्र ४ मार्च २०२२ रोजी रशियन सैन्याने ताब्यात घेतले. तेथे गोळीबार झाला, आग लागली आणि पुढे बाहेरून येणारी वीज पुन्हा पुन्हा खंडित झाली. पडताळणीच्या उपकरणांकडून व्हिएन्नाला जाणारी माहितीही काही काळ थांबली. आंतरराष्ट्रीय संस्थेने त्या वेळी सात आधारभूत गोष्टी सांगितल्या. इमारती व यंत्रे शाबूत राहणे, सुरक्षितता व बंदोबस्ताची सर्व उपकरणे चालू असणे, कर्मचाऱ्यांना दडपणाविना निर्णय घेता येणे, बाहेरील वीज मिळणे, सामग्रीची ने-आण चालू राहणे, किरणोत्सर्गाचे मापन व आपत्कालीन तयारी आणि नियामकाशी संपर्क, अशा त्या सात होत. यात सुरक्षितता आणि बंदोबस्त यांची यादी वेगळी केलेली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये संस्थेचे पथक तेथे पोहोचले आणि तेव्हापासून तज्ज्ञ आळीपाळीने मुक्कामास राहू लागले.

या विचाराला अधिकृत रूपही मिळत गेले आहे. २००८ मध्ये जपानमधील होक्काइदो येथे झालेल्या आठ राष्ट्रांच्या शिखर परिषदेत सुरक्षितता, बंदोबस्त आणि पडताळणी या तिन्हींचा एकत्र विचार करण्याचा पुरस्कार करण्यात आला. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सल्लागार गटाने सुरक्षितता व बंदोबस्त यांच्या संधिरेषेवर स्वतंत्र पुस्तिका काढली. भारताने द्रव्याच्या संरक्षणाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००२ मध्ये आणि अणुसुरक्षिततेचा करार २००५ मध्ये स्वीकारला.

समन्वय म्हणजे नेमके काय?

समन्वय म्हणजे तीन खाती एकत्र करणे नव्हे. तिघांनी एकमेकांवर नजर ठेवण्यात जो लाभ आहे, तो त्यामुळे नाहीसा होईल. समन्वयाच्या प्रत्यक्ष पायऱ्या पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिली पायरी आराखड्याची. इमारतीचा नकाशा कागदावर असतानाच तिन्ही बाजूंच्या माणसांनी तो पाहिला पाहिजे. भिंत उभी राहिल्यावर कॅमेऱ्यासाठी जागा शोधणे महाग पडते आणि बरेचदा धोक्याचेही ठरते.

दुसरी पायरी बदलाची. कुलूप, तार, पंप, संगणक किंवा कामाची पाळी, काहीही बदलायचे असेल तर त्या टिपणीवर तिघांचा अभिप्राय असावा. शासकीय कार्यालयात वित्त विभागाच्या संमतीशिवाय खर्चाची नस्ती पुढे सरकत नाही, तसाच हा प्रकार आहे.

तिसरी पायरी अधिकाराची. संकटाच्या वेळी कोणाचा शब्द अखेरचा, हे लेखी ठरलेले असावे. मनुष्याचा जीव वाचविण्यासाठी मोहोर तोडावी लागली तर ती तोडावी, वेळ आणि कारण नोंदवावे आणि लगेच कळवावे, असा स्पष्ट आदेश असला की पहारेकरी घुटमळत नाही.

चौथी पायरी सरावाची. आगीचा सराव वेगळा आणि घुसखोरीचा सराव वेगळा घेतला जातो. घुसखोरामुळेच आग लागली आहे, असे गृहीत धरून एकत्र सराव घेतल्यावरच खरी अडचण दिसते. बाहेरून आलेला अग्निशामक बंब दारावर ओळखपत्रासाठी किती वेळ अडकला, हे अशा सरावातूनच कळते.

पाचवी पायरी प्रशिक्षणाची. अभियंत्याला पहाऱ्याचे आणि पहारेकऱ्याला किरणोत्सर्गाचे मूलभूत ज्ञान हवे. हरियाणातील झज्जर जिल्ह्यात जागतिक अणुऊर्जा भागीदारी केंद्र उभारण्याची घोषणा भारताने २०१० मध्ये केली. हे विषय एकाच छत्राखाली शिकविणे, हा त्यामागील हेतूंपैकी एक आहे.

कुंपणाबाहेरची बाजू

या साखळीचे शेवटचे टोक केंद्राच्या दाराबाहेर, गावात आहे. आपत्कालीन नियोजनासाठी केंद्राभोवती सुमारे १६ किलोमीटर त्रिज्येचे क्षेत्र धरण्याची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. आणीबाणीच्या तीन पायऱ्या मानतात. पहिली केंद्राच्या यंत्रविभागापुरती, दुसरी परिसरापुरती आणि तिसरी परिसराबाहेर पोहोचणारी. तिसऱ्या पायरीवर सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे येतात. तहसीलदार, आरोग्य खाते, एस. टी., पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, सरपंच आणि मुख्याध्यापक हे सर्व त्या योजनेचे घटक होत.

येथेही तिन्ही जबाबदाऱ्या एकमेकींना भिडतात. लोकांना गावाबाहेर नेण्यासाठी रस्ते मोकळे हवेत. तेच रस्ते बंदोबस्तासाठी रोखण्याची पाळी येऊ शकते. घातपाताचा संशय असेल तर माहिती राखून ठेवण्याकडे कल असतो, आणि घरात थांबायचे की बाहेर पडायचे हे ठरविण्यासाठी गावाला माहिती हवी असते. म्हणून कोणती सूचना गावाला कोणी, किती वेळात आणि कोणत्या मार्गाने द्यावयाची, हे योजनेत असले पाहिजे आणि ते ग्रामपंचायतीच्या दप्तरात मराठीत उपलब्ध असले पाहिजे.

सूचना मिळाल्यावर सामान्यतः पहिला आदेश घरात थांबण्याचा, दारे-खिडक्या लावण्याचा आणि उघड्यावरचे अन्न-पाणी न घेण्याचा असतो. आयोडीनच्या गोळ्या अधिकाऱ्यांनी सांगितल्यावरच घ्यावयाच्या असतात. गाव सोडण्याचा आदेश मापन करून, आवश्यक असेल तरच दिला जातो. शाळा भरलेली असताना आदेश आला, तर मुले शाळेतच थांबतील की घरी जातील, हे शिक्षक आणि पालक यांनी आधीच बोलून ठेवावे. त्या वेळी प्रत्येक आई-बाप शाळेकडे धावला तर रस्ता तिथेच अडेल.

ग्रामसभेने विचारावेत असे काही प्रश्न आहेत. मागील सराव कधी झाला? त्यात आपल्या गावाला काय जमले नाही? भोंगा कोठवर ऐकू येतो? रात्रीच्या वेळी निरोप कोण आणतो? पाड्यावरच्या, होडीवरच्या आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी कोणाजवळ आहे? या प्रश्नांत गोपनीय असे काही नाही. पहाऱ्याची रचना, कुलपांची जागा किंवा इंधनाच्या वाहतुकीची वेळ विचारू नये आणि कोणी विचारीत असेल तर पोलीस ठाण्यास कळवावे. प्रश्न विचारणे आणि गुपित राखणे, ही दोन्ही नागरिकांची कर्तव्ये आहेत.

तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांतील कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली. ज्यांनी जमीन दिली आणि जे शेजारी राहतात, त्यांना केंद्राच्या तयारीविषयी विचारण्याचा अधिकार आहे. तो मान्य करणाऱ्या अधिकाऱ्यावर संकटाच्या दिवशी गाव विश्वास ठेवते. तो विश्वास भोंगा वाजल्यावर मागून मिळत नाही.

अणुभट्टीतील अभियंता, दारावरचा जवान, व्हिएन्नाहून आलेला निरीक्षक आणि गावचा सरपंच यांची एकमेकांशी गाठ क्वचितच पडते. तरीही एकाच इंधनाची जबाबदारी या चौघांवर वाटली गेली आहे. वर्षातून एकदा तरी त्यांच्या योजना एका टेबलावर शेजारी शेजारी मांडून वाचल्या गेल्या, तर पुष्कळ विसंगती संकटापूर्वीच दूर होतील. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या बैठकीत हा विषय आणण्यासाठी नवा कायदा किंवा नवा निधी लागत नाही. त्याची मागणी कोणत्याही ग्रामपंचायतीला एका ठरावाने करता येईल.